उतराई

"लिहून घे," अलाफेअरमावशी म्हणाली. "होबर्ट हॅडिक्स. त्याचा मुलगा एनॉस. एनॉसचा लायकर्गस. आणि तिघांपैकी एकाच्याही गळ्यात सूर नव्हता, तेही लिही."

रोवेनाची पेन्सिल अडखळली. "मावशी, सत्काराची पुस्तिका आहे ही."

"मग सत्कारात खोटं छापतात वाटतं?"

टेबलावर शेंगांचा ढीग होता. जाड सुईने मावशी एकेक शेंग दोऱ्यात ओवीत होती. हिवाळ्यासाठी चुलीमागे टांगून वाळवायच्या माळांपैकी ही सातवी. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या बोटांना सुईकडे पाहण्याची गरज उरली नव्हती. मावशी पाहत होती ती रोवेनाकडे. शाळेतली ही चाळिशीची बाई दाराशी आली, तेव्हा तिला आधी "कुणाची तू?" असे विचारण्यात आले होते. आईकडच्या दोन आणि वडिलांकडच्या दोन पिढ्या तिने नीट सांगितल्या, मगच तिला खुर्ची मिळाली. केंटकीच्या डोंगरातल्या क्विलन्स फोर्क या ओढ्याकाठी माणूस ओळखण्याची दुसरी रीत नाही.

"होबर्ट नदीतून लाकडाचे तराफे न्यायचा," मावशी सांगू लागली. "चर्चमध्ये तो गायला लागला की सगळ्यांना ओळ गाऊन देणारा म्हातारा पुढची ओळच विसरायचा. एनॉस खाणीत खेचरं हाकायचा. त्याचा आवाज खेचरांना आवडायचा म्हणे. लायकर्गसने काउंटीच्या रस्त्यांवर खडी फोडली. त्याला निदान अक्कल होती. तोंड मिटून बसायचा."

"आणि लायकर्गसचा मुलगा?"

"तो."

"नाव?"

"पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलंयस की. मला कशाला विचारतेस?"

रोवेनाने पेन्सिल खाली ठेवली. व्हर्लिन हॅडिक्स हे नाव या घरात बेचाळीस वर्षांत उच्चारले गेले नव्हते, हे ओढ्याकाठच्या प्रत्येकाप्रमाणे तिलाही ठाऊक होते. मावशीच्या खिडकीसमोर ओढ्यावर लोखंडी तारांचा झुलता पूल होता आणि पुलापलीकडे व्हर्लिनचे घर. त्या घराचा धूर, त्या घरातले दिवे, त्या घरातली भांडणे मावशीला पाठ होती. त्या माणसाला मात्र ती 'ग्रेडरवाला' म्हणे, 'पलीकडचा' म्हणे, फार झाले तर 'लायकर्गसचं पोर' म्हणे. लायकर्गसचे पोर आता शहात्तर वर्षांचे होते.

"शब्द दिलाय मी," मावशी म्हणाली. "माझ्या आईचं नाव तो चारचौघांत घेईल, त्या दिवशी मी त्याचं घेईन. त्याआधी नाही."

"पण मावशी, आता तो कसा घेणार? त्याला बोलता कुठे येतंय?"

"बोलता येत होतं तेव्हा चाळीस वर्षं होती की त्याच्यापाशी," मावशी म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

---

हॅडिक्सांच्या घरात गाणे आले ते पुलावरून. पलीकडे कपडे वाळत घालताना, मक्याला माती लावताना मावशीची आई, ओव्हा स्लोन, गात असे आणि ओढ्याच्या पाण्याला तो आवाज अडवता येत नसे. व्हर्लिनने ऐकले. त्याने भोपळ्याचा एक बँजो स्वतः केला आणि विसाव्या वर्षी काउंटीच्या रस्तेखात्यात ग्रेडर चालवण्याची नोकरी धरली. कच्चे रस्ते खरवडून सपाट करणारे, हिवाळ्यात बर्फ सारणारे ते लांबलचक पिवळे यंत्र दिवसभर एकाच सुरात घुमत राही. तो सूर पेटीच्या कोणत्याही पट्टीत बसणारा नव्हता. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी त्याचे घर होते. व्हर्लिन त्या घुमण्यावर गाणी रचीत असे आणि संध्याकाळी बँजोही त्याच सुराला लावीत असे.

गाणी विलक्षण होती. रस्त्याखालच्या, दर वसंतात तुंबणाऱ्या एका मोरीवर त्याने सतरा कडवी केली. गुलाबाचे झुडूप वाचवण्यासाठी ग्रेडरपुढे आडव्या झालेल्या विधवेवर एक गाणे होते, लायकर्गसच्या हातोड्यावर एक होते, तपासणीला आलेल्या साहेबाच्या वाऱ्याने उडालेल्या टोपीवर एक. ऐकणारे हसत, आणि आपण नेमके कशाला हसलो हे नंतर त्यांना सांगता येत नसे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली त्याला नॅशव्हिलला एका लहानशा कंपनीने तबकडी करायला बोलावले. कंपनीचा मालक प्रुइट नावाचा होता. त्याने फिडलवाला, पियानोवाला असे चार वादक ठरवले होते. तीन तास सूर जुळवण्यात गेले.

"बाबा रे, तुझा बँजो आहे तरी कुठल्या पट्टीत?" पियानोवाल्याने शेवटी विचारले.

"ग्रेडरच्या."

"कुठल्या?"

"काउंटीच्या."

वादकांना घरी पाठवण्यात आले. व्हर्लिनने एकट्याने दहा गाणी गायली. दहाही त्याची स्वतःची. तबकडीची दुसरी बाजू थोडी कमी पडत होती. "अजून एखादं आहे का?" प्रुइटने विचारले. तेव्हा व्हर्लिनने बँजो खाली ठेवला आणि ओव्हा स्लोनचे गाणे गायले.

त्या गाण्यात एक मुलगी नदीकाठी उभी आहे. पलीकडे जायचे आहे. ती नावाड्याला नाणे देऊ करते, मग अंगठी देऊ करते. तो दोन्ही परत करतो.

*नाणे नको मज, अंगठी नको, नावाडी बोले बाई,*
*कुणाची तू ते सांगून जा गं, तीच माझी उतराई.*

गाणे संपले. मग प्रुइटने विचारले, "हे कुणाचं?"

"माझं," व्हर्लिन म्हणाला.

क्विलन्स फोर्कला गाण्यांना धनी असतात. कागदावरचे धनी नव्हेत. एखादी बाई जे गाणे नेहमी गाते ते तिचे. इतरांना ते येत असले तरी तिच्या हयातीत ते कुणी चारचौघांत गात नाही. म्हातारपणी ती कुणाला तरी बोलावते, समोरासमोर बसवून तीनदा गाऊन दाखवते आणि मग सांगते, की मला हे अमकीने दिले, तिला तमकीने. ही नावे गाणे देतानाच सांगायची, एरवी पोटच्या मुलीलाही नाही. ज्याला गाणे मिळाले, त्याने चारचौघांत गाण्याआधी ती नावे घ्यायची. याखेरीज दुसरे मोल नाही. म्हणून ओढ्याकाठी "हे गाणं कुणाचं?" याचा अर्थ 'हे कोण गातं?' एवढाच होतो. नॅशव्हिलच्या त्या खोलीत त्याचा अर्थ निराळा होता, आणि उत्तर देणाऱ्याला दोन्ही अर्थ समजत होते.

जगाने ते अकरावे गाणेच उचलले. मोठमोठ्या गायकांनी ते गायले, रेडिओवर ते लागू लागले. मोरी, विधवा, हातोडा आणि टोपी जिथल्या तिथे राहिली.

त्या साली ऑगस्टात याच टेबलाशी मायलेकी शेंगा ओवीत होत्या आणि रेडिओ चालू होता. गाणे संपल्यावर निवेदक म्हणाला, "शब्द आणि चाल, व्हर्लिन हॅडिक्स." ओव्हाची सुई थांबली.

"म्हणजे माझी आई कुणीच नव्हती म्हणायची," ती म्हणाली.

एवढेच. मग सुई पुन्हा चालू लागली. पण ते गाणे तिने त्यानंतर कपडे वाळत घालताना गायले नाही, मक्याच्या शेतात गायले नाही, कुठेच गायले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन टोपी हातात घेऊन पुलावर आला. मावशी, तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, पुलाच्या मध्यावर उभी होती.

"प्रुइटने विचारलं कुणाचं, मी म्हटलं माझं," तो म्हणाला. "आपल्यात म्हणतात तसं, अलाफेअर. तो काय समजला त्याला मी काय करू?"

"आपल्यातल्या माणसाने विचारलं असतं, तरी ते उत्तर उद्धटच ठरलं असतं. आई जिवंत आहे, तिने तुला दिलेलं नाही, तोवर माझं म्हणणारा तू कोण? आणि परक्याने विचारलं, तर ते खोटं. आता उद्धट का खोटं, तूच निवड."

त्याने टोपी हातात फिरवली. "मला वाटलं, एवढंसं तर आहे."

"एवढंसंच आहे ना? मग सांगून टाक. पुढच्या वेळी गाशील तेव्हा नाव घे. ओव्हा स्लोन. जड आहे का उच्चारायला?"

"घेईन," तो म्हणाला.

घेतले नाही. पहिल्या वर्षी त्याला एक वाक्य पुरले असते. पाचव्या वर्षी त्या वाक्याआधी खुलासा करावा लागला असता, विसाव्या वर्षी भाषण. तोवर त्या गाण्यावर त्याच्या घराचे छप्पर उभे राहिले होते आणि त्याची कीर्तीही. सोमवार ते शुक्रवार तो ग्रेडर चालवी, शनिवार-रविवारी जत्रांमध्ये, महाविद्यालयांच्या लहान सभागृहांत, कुठे कुठे गोदामांतही गाई. आणखी तीन तबकड्या निघाल्या, त्या त्याच्याच गाण्यांच्या. त्या घेणाऱ्या माणसांची नावे मोझेलला, म्हणजे त्याच्या बायकोला, तोंडपाठ होती. प्रत्येक गाण्याआधी तो दहा दहा मिनिटे गोष्ट सांगत बसे, लोक पोट धरून हसत. मागच्या रांगेतून कुणीतरी "उतराई!" म्हणून ओरडे. त्या गाण्याआधी तो एक अक्षर बोलत नसे. ते शेवटी गाई, आणि टोपी घालून निघून जाई. वर्तमानपत्रवाल्यांनी त्या मौनाचे पुष्कळ कौतुक केले. मावशीने ती कात्रणे वाचली. तिला त्या मौनाचे नाव ठाऊक होते.

ओव्हा गेली ती सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत. मावशी तेव्हा ओहायोत, डेटनला, शीतपेट्यांच्या कारखान्यात होती आणि शनिवारी घरी येत असे. तो हिवाळा असा होता की नद्या गोठल्या, रस्ते बुजले, तीन शनिवार तिला पोचता आले नाही. आईच्या दारापर्यंतचा रस्ता मात्र एकही दिवस बंद नव्हता, असे पुढे शेजाऱ्यांनी सांगितले. मावशीला त्यात नवल वाटले नाही. रस्ता काउंटीचा होता. ती आली तेव्हा आई शवपेटीत होती.

आईने गाणे कुणाला दिले नाही, असे मावशी धरून चालली. तिच्या स्वतःच्या गळ्यात ते बसत नव्हते. "तुझा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक," असे आईच म्हणे. आई ते कामात गाई, चारचौघांत कधी नाही, म्हणून तिने नावे घेतलेली मावशीने ऐकली नव्हती; आईला ते आजी आर्टी नोबलने दिले, एवढे तिला शेजाऱ्यांकडून कळले होते. आर्टीला कुणी दिले ते नाव आईबरोबर मातीत गेले. पुढे मावशी कायमची घरी परतली, विधवा झाली, तिन्ही मुलांवर दूरध्वनीवरून राज्य करू लागली, आणि खिडकीतून पुलाकडे पाहत राहिली.

---

दोन वर्षांपूर्वी व्हर्लिनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणे गेले. "हो ना" आणि "बरं" असे दोन शब्द राहिले, बाकीचे भलत्याच जागी भलतेच येत. पण एकदा मोझेल भांडी घासताना मोरीचे गाणे गुणगुणली, तर तो खुर्चीत बसल्या बसल्या सतराही कडवी गाऊन मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, बोलणे आणि गाणे डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. एका खोलीला आग लागली, दुसरी वाचली.

यंदाच्या एप्रिलमध्ये मोझेल त्याला हाताला धरून पुलावरून घेऊन आली. मावशी ओसरीवर होती.

"अलाफेअरताई, याला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय," मोझेल म्हणाली. "तीन दिवस इकडे बोट दाखवतोय. मी म्हटलं, एकदाचं घेऊन जाते, नाहीतर एकटा निघायचा आणि ओढ्यात पडायचा."

तो उभा राहिला. त्याने श्वास घेतला. "ओ," तो म्हणाला. "ओव्ह. ओव्हन."

"ओव्हन बंद आहे रे. मी बघून आले."

"ओव्हन." त्याने डाव्या मुठीने मांडीवर मारले. "ओव्हन. ओव्हन!"

"हे असंच होतं बघा," मोझेल म्हणाली. "परवा घोडा घोडा म्हणून घर डोक्यावर घेतलं. हवं होतं मीठ."

मावशीला पहिल्या अक्षरालाच कळले होते. तिने नुसते 'ओव्हा' म्हटले असते तरी त्याची मान हलली असती आणि तो मोकळा झाला असता. तिने म्हटले नाही. दुसऱ्याने तोंडात घातलेले नाव हे घेतलेले नाव नव्हे. शिवाय इथे चारचौघे नव्हते, तिघेच होते.

"त्याला उन्हात बसव, मोझेल," ती म्हणाली. "आणि मक्याचा पाव झालाय, जाताना ने."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. ते मावशीला आवडले नाही. राग असता तर तिला त्या रात्री बरी झोप लागली असती.

---

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या बास्केटबॉलच्या सभागृहात सत्कार होता. राज्याकडून मानपत्र आले होते, नॅशव्हिलहून चार पाहुणे आले होते, ओढ्याकाठचे अडीचशे लोक घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. मावशीने पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," रोवेना हळूच म्हणाली.

"न घेतलेल्या नावालाही साक्षीदार लागतो," मावशी म्हणाली. "सरक तिकडे, दिसत नाही मला."

भाषणे झाली. राज्याच्या माणसाने 'क्विलन्स फोर्क' चुकीचे उच्चारले आणि मागून तीन जणांनी ते दुरुस्त केले. मग मोझेलने व्हर्लिनला व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवले आणि शेजारच्या खुर्चीवर त्याचा भोपळ्याचा बँजो ठेवला, एखाद्या नातेवाइकाला बसवावे तसा. नॅशव्हिलच्या गिटारवाल्याने त्याला सूर दिला. व्हर्लिनने मान हलवली. गिटारवाल्याने दुसरा दिला. पुन्हा तेच. मग व्हर्लिनने आपला सूर स्वतः लावला, आणि सभागृहात हसण्याची एक लाट गेली. पाहुण्यांना कळेना. ओढ्याकाठच्या प्रत्येक घरावरून तो सूर अडतीस वर्षे येजा करीत होता. निम्म्या लोकांना नकळत खुर्च्या सावरून रस्ता द्यावासा वाटला.

त्याने मोरीचे गाणे म्हटले. टाळ्या पडल्या. मग राज्याचा माणूस पुढे आला. "आणि आता," तो म्हणाला, "ज्या रचनेमुळे हे नाव साऱ्या देशाला माहीत झालं..."

व्हर्लिनने डावा हात वर केला. माणूस थांबला. व्हर्लिन मोझेलच्या आधाराने उभा राहिला, डोळे मिटले, आणि उंच, भरभर, एका दमात गायला:

*"ओव्हा स्लोनने दिले मला हे गाणे..."*

पाहुण्यांना ते नवीन गाणे वाटले. बाकीच्यांना ते काय आहे ते पहिल्या दोन शब्दांतच समजले, कारण जन्मापासून दर आठवड्याला ते तसेच ऐकत आले होते. त्यांच्या चर्चमध्ये ना वाद्य असते ना वही. एक जण ओळ देतो, अशी उंच आणि भरभर, आणि मग सगळे ती ओळ घेतात, संथ, लांबवीत, डोंगरावरून धुके उतरावे तशी. दिलेली ओळ कुणी घेतली नाही असे कधी होत नाही.

त्या दुपारी झाले. हे चर्च नव्हते. शिवाय त्या ओळीत जे नाव होते त्या नावाची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिच्याआधी तोंड उघडण्याची कुणाची छाती नव्हती.

व्हर्लिन थांबला होता. त्याचे ओठ हलले, पण पुढे काही आले नाही. त्याच्या डोक्यातली जी खोली वाचली होती, तिथे दिलेली ओळ परत आल्याशिवाय पुढची ओळ सुटत नव्हती. तो तसाच उभा राहिला, मिटल्या डोळ्यांनी, एक हात लोंबकळत. कुणीतरी खोकले. राज्याच्या माणसाने घड्याळाकडे पाहिले. मोझेल मावशीकडे पाहत होती.

एप्रिलमध्ये ओसरीवर ती गप्प राहिली होती, ते हिशोबाने बरोबर होते. नाव त्याने स्वतः घ्यायचे होते. ते त्याने आता घेतले होते. पण अर्ध्यावर लटकलेल्या ओळीला लोक नाव घेणे म्हणतील की म्हाताऱ्याचा गोंधळ, हे आता त्याच्या हाती उरले नव्हते.

मावशी खुर्चीतून उठली नाही. तिने हनुवटी वर केली आणि गंजलेल्या फाटकासारख्या आवाजात ती ओळ घेतली. चर्चमध्ये बायका आरंभ करीत नाहीत. तिने केला.

*"ओ...व्हा... स्लो...न...ने..."*

दुसऱ्या शब्दाला तिच्यामागून अडीचशे गळे उघडले, ग्रेडरच्या सुरात. लाकडी जमीन पायांखाली थरारली. आईचे नाव इतक्या लोकांच्या तोंडून मावशीने कधीच ऐकले नव्हते. अंत्यविधीलाही नाही, कारण तेव्हा बर्फ होते आणि माणसे नऊ होती.

*"ओव्हाला दिले आर्टी नोबलने..."* व्हर्लिनने दुसरी ओळ दिली.

सभागृहाने ती घेतली. मावशीनेही. आता झाले, असे समजून तिने मांडीवरची पिशवी सावरली.

*"आर्टीला दिले डायसी फ्युगेटने..."*

सभागृहाने तीही घेतली. मावशीने घेतली नाही. तिचे तोंड अर्धे उघडे राहिले होते. ते नाव तिने जन्मात ऐकले नव्हते.

ती नावे गाणे देतानाच सांगतात. समोरासमोर बसवून, तीनदा गाऊन झाल्यावर. एरवी पोटच्या मुलीलाही नाही.

मग तो एकट्याने गायला. नदी, नाणे, अंगठी, नावाडी, सगळे सावकाश, एकही शब्द न चुकता. शेवटच्या कडव्याला मावशी समोर पाहत होती, आणि तिला काय दिसत होते ते रोवेनाला विचारण्याचा धीर झाला नाही.

---

लोक खुर्च्यांच्या घड्या घालू लागले तेव्हा मावशी व्यासपीठाच्या पायरीशी आली. व्हर्लिन थकून बसला होता. मोझेल त्याचा कोट शोधत होती.

"कधी?" मावशीने विचारले.

मोझेलला प्रश्न समजला. "त्या गेल्या त्याच हिवाळ्यात. तुमच्या आईनेच बोलावून घेतलं. ग्रेडर बाहेर घुमतोय आणि हा आत चुलीपाशी बसलाय, असं आठवडाभर चाललं होतं. तिन्ही नावं घेऊन गा, बाकी मला काही नको, म्हणाल्या. हा रोज म्हणायचा, पुढच्या शनिवारी घेईन."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला? चाळीस वर्षांत?"

"ताई, त्याच्याबद्दल काही सांगायला तोंड उघडलं की तुम्ही पाव आणायला आत जायचात."

 व्हर्लिनने मान वर केली. तिच्याकडे पाहिले, श्वास घेतला.

"ओव्हन," तो म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं."

रोवेना पुस्तिका घेऊन जवळ आली होती. शाळेच्या कपाटात ठेवायच्या प्रतीत ती नावे घालायची होती, आणि शेवटचे नाव कसे लिहायचे ते तिला विचारायचे होते. तिला विचारावे लागले नाही.

"लिहून घे," मावशी म्हणाली. "डायसी फ्युगेट. डायसीकडून आर्टी नोबल. आर्टीकडून ओव्हा स्लोन." तिने पेन्सिल ओळीच्या शेवटी पोचू दिली. "ओव्हाकडून व्हर्लिन हॅडिक्स."

मग तिने मोझेलच्या हातातला कोट घेतला. मोझेल त्याचा डावा हात धरून उभी राहिली होती.

"तसं नाही. आधी दुखरा हात," मावशी म्हणाली, आणि वाकून त्याचा उजवा हात उचलून बाहीत घातला. "पुलावर वारा असेल, व्हर्लिन. वरचं बटण लाव."